एलईडीची श्रमनिद्रा

2023 साली उस्मानाबादचं धाराशिव झालं आणि जिल्ह्यात पाट्या रंगवणाऱ्यांना भरपूर काम मिळालं. दुकानांचे फलक, संस्थांची लेटरहेडं, रबरी शिक्के, लग्नपत्रिकांवरचे पत्ते, जिकडंतिकडं ‘जि.’ या अक्षरापुढची जागा नव्यानं भरायची होती. निवांत होते ते फक्त दारावर लाल अक्षरांची पळती पाटी लावणारे. त्यांनी खिशातून मोबाईल काढला, जुनं नाव खोडलं, नवं टाइप केलं आणि पाठवून दिलं. चहा यायच्या आत जिल्हा बदलला. घाईत एखादा काना गळून ‘धराशिव’ झालं, तरी कुणाच्या लक्षात यायच्या आत अक्षरं पळून गेलेली असतात, हा या पाटीचा मोठाच गुण.

ही पाटी आता कुठं नाही? कृषी सेवा केंद्रावर ‘सोयाबीन बियाणे उपलब्ध’, झेरॉक्सवाल्याकडं ‘सातबारा मिळेल’, दवाखान्यावर ‘डॉक्टर आहेत’. डॉक्टर संध्याकाळी घरी जातात, जेवतात, झोपतात. ‘डॉक्टर आहेत’ मात्र रात्रभर पळत राहतं.

धंद्यातली माणसं तिला ‘पी-टेन’ म्हणतात. दोन ठिपक्यांमध्ये 10 मिलिमीटरचं अंतर, म्हणून पी-टेन. एक मॉड्यूल 32 सेंटिमीटर लांब आणि 16 सेंटिमीटर उंच. त्यात आडवे 32 आणि उभे 16 ठिपके, म्हणजे एकूण 512 एलईडी. पाटीचं खरं गुपित पुढंच आहे. नेहमीच्या लाल पाटीत या 512 पैकी कोणत्याही क्षणी जास्तीत जास्त 128 पेटलेले असतात, उरलेले झोपलेले. आधी पहिली, पाचवी, नववी आणि तेरावी ओळ पेटते; मग दुसरी, सहावी, दहावी, चौदावी; मग पुढच्या चार, मग त्याच्या पुढच्या. पुन्हा पहिल्यापासून. हे इतक्या भराभर चालतं की माणसाच्या डोळ्याला सगळी पाटी अखंड उजळलेली वाटते. चौथा हिस्सा मंडळी जागेवर आणि हजेरीपट पूर्ण भरलेला, हा प्रयोग काही कचेऱ्यांतही चालतो. पण तिथं बघणाऱ्याचा डोळा इतका सहज फसत नाही.

पाव वेळच काम करायचं आणि उजेड मात्र पूर्ण वेळेचा दाखवायचा, तर त्या पाव वेळात चौपट जोर लावावा लागतो. म्हणून एलईडीला सलग सौम्य प्रवाह न देता थोड्या वेळापुरता मोठा झटका द्यायचा, मग विश्रांती, मग पुन्हा झटका. या झटक्याला पल्स म्हणतात. दिवा जगतो तो या विश्रांतीच्या भरवशावर. ती चुकली की काय होतं, हे मात्र भूमच्या खव्याशिवाय नीट समजत नाही.

तालुक्याच्या गावात असतो तसा एक मिस्त्री धाराशिवातही असतोच. बसस्थानकाच्या मागच्या गल्लीत पत्र्याचा गाळा, पन्नाशीचं वय. आधी टेपरेकॉर्डर दुरुस्त केले, मग ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही, मग चार्जर, आता पाट्या. सगळं गिऱ्हाईक त्यांना मामा म्हणतं. तुळजापूर रस्त्यावरचा एखादा पेढेवाला मोटारसायकलवर पाटी आडवी धरून येतो आणि दारातूनच तक्रार सुरू करतो.

“मामा, पाटी अडकायली.”

“अडकायली म्हणजे?”

“म्हणजे नुसत्या रेघा जळायल्यात. अक्षर न्हाई, काय न्हाई.”

“कवापासून?”

“झाले की चार-पाच दिवस. म्हणलं, येईल आपोआप.”

मामा सप्लाय जोडतात. सोळा ओळींपैकी चारच पेटतात: पहिली, पाचवी, नववी, तेरावी. पण पेटतात अशा की बघवत नाही.

“उजेड तर झकास पडायलाय,” पेढेवाल्याला त्यातही समाधान असतं.

“तीच तर बोंब हाय. खवा घोटताना उलथणं थांबवलं तर काय होतं?”

“बुडाला लागतो की.”

“जाळ तर तेवढाच असतो.”

“जाळ तेवढाच, पण हात थांबला ना.”

“मग हितंबी हात थांबलाय.”

एवढं सोपं स्पष्टीकरण इलेक्ट्रॉनिक्सच्या जाड पुस्तकात मिळायचं नाही. भूम तालुक्यातल्या खवा भट्टीवर जाळ जोराचाच असतो. मंद आचेवर कढया चढवून बसलं तर दिवस पुरायचा नाही. पण कढईतल्या दुधाचा कोणताही भाग बुडाशी क्षणभरच टेकतो, लगेच उलथण्यानं वर येतो आणि जरा निवतो. पाटीतलं उलथणं म्हणजे कंट्रोलर कार्ड. ते सेकंदाला शेकडो फेऱ्या मारून ओळी बदलत असतं. विजेच्या एखाद्या झटक्यानं कार्ड ‘हँग’ झालं की ज्या चार ओळींवर हात थांबला, त्या बुडाला लागतात. पाव वेळेच्या हिशेबानं दिलेला प्रवाह त्यांना आता चोवीस तास सोसायचा असतो. उरलेल्या बारा ओळी सुखानं झोपा काढतात.

शहाणा बनवणारा याची सोय आधीच करून ठेवतो. कार्डावर एक राखणदार असतो. ठरलेल्या वेळात ‘मी जागा आहे’ अशी खूण मिळाली नाही की तो कार्डाला हलवून पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो. त्याहून साधी युक्ती कपॅसिटरची. झटक्याचा इशारा कपॅसिटरमधून पुढं न्यायचा. कपॅसिटर बदलता प्रवाह पलीकडं जाऊ देतो, थबकलेला अडवतो. त्यामुळं इशारा थांबला की दिवा आपोआप विझतो. पॉलिटेक्निकच्या पोरांना ही युक्ती पहिले दोन-चार एलईडी गेल्यावर आठवते. प्रोग्रॅममधली चूक शोधायला ती प्रोग्रॅम मध्येच एका ओळीवर थांबवतात आणि डोकं खाजवत बसतात. तेवढ्यात टेबलावरच्या एलईडीला पल्सच्या मापाचा प्रवाह सलग मिळत असतो. चूक सापडते, एलईडी जातो.

झटका किती मोठा द्यायचा, याची उत्तरं एलईडीच्या माहितीपत्रिकेत असतात. ही पत्रिका लग्नाच्या बायोडाटासारखी वाचावी लागते. साध्या 5 मिलिमीटरच्या लाल एलईडीला सलग चालवायला 20 मिलिअँपिअर हा रुळलेला आकडा. कमाल मर्यादा त्याच्या जरा वर. त्याच्याच खालच्या ओळीत ‘कमाल पल्स प्रवाह 100 मिलिअँपिअर’ असं असतं. पहिला आकडा म्हणजे मुलाचा महिन्याचा पगार आणि दुसरा म्हणजे त्यानं थोरल्या बहिणीच्या लग्नात केलेला खर्च. एका दिवसात माणूस पगाराच्या कितीतरी पट उधळू शकतो, पण ते बघून ‘पोरगा रोज एवढा खर्च करतो’ असा हिशेब मांडला तर जमीन विकायची वेळ येते. म्हणूनच त्या 100 आकड्यापुढं बारीक अक्षरांत अट असते: दहातला एक भाग चालू, नऊ भाग बंद, आणि बऱ्याच पत्रिकांत झटका 0.1 मिलिसेकंदापेक्षा लांब नको. हौशी मंडळी 100 वाचतात आणि बारीक अक्षरं बायोडाटातल्या ‘अपेक्षा’ या रकान्यासारखी सोडून देतात.

त्यातला थोडा शिकलेला माणूस लगेच सरासरी काढतो. दहातला एक भाग 100, म्हणजे सरासरी 10. मग एक सेकंद चालू आणि नऊ सेकंद बंद ठेवलं तरी सरासरी 10च! चालेल की.

चालत नाही. सरासरीचा भरवसा काय असतो, हे धाराशिवच्या शेतकऱ्याला शिकवायची गरज नाही. जूनमध्ये चार दिवस, मग कोरडं आभाळ, मग सप्टेंबरात एका रात्रीत सगळं. आणि वर्षअखेर पाऊस ‘सरासरीइतका’. सोयाबीन सरासरीवर येत नाही, त्याला वेळेवर पाणी लागतं. एलईडीतला चिमुकला स्फटिक तर सोयाबीनहून हळवा. तो काही मिलिसेकंदांतच तापतो. एक सेकंद हा त्याच्या दृष्टीनं अख्खा उन्हाळा. पुढं नऊ सेकंदांची विश्रांती दिली तरी मधल्या काळात जे व्हायचं ते झालेलं असतं. झटके आखूड आणि वारंवार असतील तरच स्फटिकाचं तापमान सरासरीच्या आसपास राहतं.

शिवाय आत एक तार असते. पारदर्शक एलईडी डोळ्याजवळ धरून उजेडाकडं बघितला तर एका कपासारख्या खाचेत बसलेला मिठाच्या कणाएवढा ठिपका दिसतो आणि त्याच्या डोक्यावरून शेजारच्या खांबाकडं गेलेली, दिसते न दिसते अशी एक कमान. बऱ्याचदा ती सोन्याची असते आणि साधारण 25 मायक्रॉन जाडीची. माणसाचा केस तिच्यापुढं दोरखंड. सगळा प्रवाह या तारेवरून चालतो. तारेत आणि सांध्यांत होणारा ताप प्रवाहाच्या वर्गानं वाढतो, हे शाळेत सगळ्यांनी घोकलेलं असतं. 20च्या जागी 100 म्हणजे पाचपट प्रवाह, म्हणून पंचवीसपट ताप. तो दहातला एकच भाग, म्हणून अडीचपट. म्हणजे सरासरी प्रवाह निम्मा आणि तारेचा सरासरी ताप अडीचपट! एकूण तापात तारेचा हिस्सा एरवी लहान असतो म्हणून खपून जातं. पण ‘दहाव्या हिश्शाला 100 चालतात, तर विसाव्या हिश्शाला 200 का नको’ असं म्हणणाऱ्याच्या वाटेत ही तार आडवी येते, आणि मग आडवीच होते.

आता पत्रिकेतली सगळ्यात विनोदी ओळ. वरचे सगळे आकडे भोवतालचं तापमान 25 अंश सेल्सिअस असताना. धाराशिवात 25 अंश म्हणजे हिवाळ्यातला एखादा सुखद प्रहर. मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. पाटी बसवलेली असते पत्र्याच्या बंद पेटीत, पेटी पश्चिमेला तोंड करून, आणि वर दुकानाच्या शेडचा पत्रा. या भट्टीत सप्लायही आत, कार्डही आत. भोवताल जसा तापतो तशी एलईडीला झेपणाऱ्या प्रवाहाची मर्यादा खाली येते. पत्रिकेत त्यासाठी एक उतरता आलेखच दिलेला असतो. इथं आणखी एक खोड निघते: एलईडी तापला की त्याला पेटायला लागणारा व्होल्टेज कमी होतो, म्हणून तोच सप्लाय त्याच्यातून जास्त प्रवाह ढकलतो, म्हणून तो आणखी तापतो. काही पैशांचा रेझिस्टर मध्ये घातला की हे रडगाणं आटोक्यात राहतं. तेवढे पैसे वाचवणारा पुढं अख्खी पाटी बदलतो.

एवढं सोसून पल्समुळं उजेड जास्त मिळतो का? पुष्कळ मिस्त्री आणि त्याहून पुष्कळ गिऱ्हाइकं ‘हो’ म्हणतील. हा समज जुन्या काळातून आलाय आणि तेव्हा तो खोटा नव्हता. निक होलोन्याक यांनी 1962 मध्ये दिसणाऱ्या लाल प्रकाशाचा एलईडी बनवला, तो गॅलियम आर्सेनाइड फॉस्फाइडचा. त्या जातीचा स्फटिक थोड्या प्रवाहात आळशी असे. जोराचा झटका दिला की कामाला लागे. 1972 च्या एचपी-35 या खिशातल्या कॅल्क्युलेटरमधले लाल आकडे असे आळीपाळीनं झटके देऊनच उजळत. पुढं निळा एलईडी आला. त्यासाठी अकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तिघांना 2014 चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं, आणि त्याच्यावर पिवळा लेप देऊन पांढरा उजेड तयार झाला. या पोराचा स्वभाव नेमका उलटा. प्रवाह वाढवत नेला की दर मिलिअँपिअरमागं मिळणारा उजेड घटत जातो. पाचपट पेंड घातली म्हणून म्हैस काही पाचपट दूध देत नाही. उलट पोट बिघडतं. म्हणजे पांढऱ्या एलईडीला मोठे झटके देण्यात उजेडाची कमाई काहीच नाही. फायदा निराळा आहे: 512 दिव्यांना 512 वेगळ्या तारा आणि चिप न लावता चौथ्या हिश्शात भागतं. पाटी स्वस्त पडते, बस्स.

घरातही पल्सवर जगणारे बरेच आहेत. टीव्हीच्या रिमोटच्या टोकाला असलेला एलईडी आपल्याला न दिसणारा अवरक्त प्रकाश फेकतो, बहुतेकदा सेकंदाला 38,000 ठिणग्या या वेगानं. मोबाईलच्या पुढच्या कॅमेऱ्यासमोर रिमोट धरून बटण दाबलं की फिकट जांभळा लुकलुकाट दिसतो. दोन बारीक सेलवर हा दिवा 100 मिलिअँपिअर किंवा जास्तही ओढतो, पण अगदी क्षणापुरता. आजी मालिका बघता बघता रिमोटवरच बसली आणि बटण दबून राहिलं, तरी बऱ्याच रिमोटमध्ये दर 108 मिलिसेकंदांनी एक छोटी हाक जाते, बाकी वेळ शांतता. एलईडी वाचतो. आवाज वाढत गेल्यामुळं आजोबा उठतात, ते वेगळं.

दिवाळीच्या माळेचं आणखी गमतीचं. खोक्यात घडी करून ठेवलेली, दरवर्षी सोडवताना घरात भांडण लावणारी ती माळ 230 व्होल्टवर चालते. तिच्यात ओळीनं पुष्कळ एलईडी आणि खोक्यातल्या बटणात आठ चाळे. स्वस्त माळेत विजेच्या लाटेची एकच बाजू वापरलेली असेल तर ती सेकंदाला 50 वेळा पेटते आणि 50 वेळा विझते. खात्री करायची असेल तर अंधारात माळेचं एक टोक धरून हवेत झुलवावं. उजेडाची अखंड रेघ उमटायच्या ऐवजी तुटक टाके दिसतात, गोधडीला घातल्यासारखे. स्थिर टांगली की टाके गायब. माळ तीच, डोळा तोच.

जिल्ह्यात शेतीचा पंपसुद्धा पल्सवरच आहे म्हणायचा. बऱ्याच ठिकाणी आठवड्यात काही दिवस थ्री फेज दिवसा, काही दिवस रात्री, बाकीचा वेळ बंद. फरक एवढाच, की एलईडीला झटका कधी येणार ते नक्की माहीत असतं.

या सगळ्याचा सगळ्यात जुना नमुना मात्र तुळजापुरात आहे. तुळजाभवानीची मूर्ती चल आहे, आणि देवी वर्षातून तीन वेळा पलंगावर निद्रा घेते: घोरनिद्रा, श्रमनिद्रा आणि मोहनिद्रा. शारदीय नवरात्राच्या आधी घोरनिद्रा. नवरात्राचे नऊ दिवस अखंड सेवा, अखंड दर्शन. दसऱ्याचं सीमोल्लंघन झालं की नगरकडून मानानं आलेल्या पलंगावर श्रमनिद्रा, ती थेट कोजागरीपर्यंत. सोलापूरहून 45 किलोमीटर पायी चालत आलेली गर्दी पौर्णिमेला दर्शन घेते ते देवी जागी झाल्यावर. असुराशी लढून दमलेल्या देवीला विश्रांती हवी, हे भाविकांच्या पिढ्यान्‌पिढ्यांना पटलेलं आहे. त्याच रस्त्याकडेच्या पेढ्याच्या दुकानावरची पाटी मात्र नऊ रात्री ब्राइटनेस 100 टक्के ठेवून जागते, आणि कोजागरीनंतरही तशीच जागते. तिच्यासाठी पलंग कोण आणणार?

ब्राइटनेस शंभर ठेवायची हौस ही खास गिऱ्हाइकी हौस. कार्ड उजेड कमी करतं तेही विश्रांती वाढवूनच. झटका तेवढाच, फक्त आखूड. रात्री 30 टक्क्यांवरही पाटी दुरून वाचता येते, आणि शंभरावर अक्षरांच्या कडा एकमेकांत मिसळून ‘पेढे’ आहेत की ‘वडे’ हे कळायला गाडी थांबवावी लागते. थांबवली की गिऱ्हाईक मिळालंच, हा मालकांचा युक्तिवाद खोडायला अवघड आहे.

पळत्या पाटीची खरी फजिती होते ती मंगल कार्यालयात. प्रवेशद्वारावर वधूवरांची नावं लाल अक्षरांत धावत असतात आणि फोटोग्राफर कडक उन्हात शटर सेकंदाचा हजारावा भाग ठेवून फोटो काढतो. तेवढ्यात पाटीची सगळी फेरी काही पूर्ण होत नाही. ज्या ओळी त्या क्षणी जाग्या होत्या तेवढ्याच उमटतात. अल्बम आल्यावर वराकडच्यांच्या लक्षात येतं, की मुलीचं नाव बऱ्यापैकी आलंय आणि आपल्याकडच्या नावाच्या नुसत्या चार रेघा. शटर थोडा मंद ठेवला असता तर सगळं नाव आलं असतं. पण हे समजावायला जाणाऱ्या फोटोग्राफरचे उरलेले पैसे बुडाल्याची उदाहरणं ऐकू येतात.

इकडं मामांनी कार्ड बदललेलं असतं. पेटीच्या मागच्या पत्र्याला खालीवर चार-चार भोकं पाडून झालेली असतात, सप्लाय जरा बाजूला सरकवलेला असतो. पाटी लावली की ‘शुद्ध खव्याचे पेढे’ डाव्या अंगाला पळायला लागतं. चार-पाच दिवस भाजलेल्या ओळींतले काही ठिपके शेजाऱ्यांपेक्षा फिके दिसतात, कायमचे.

“ब्राइटनेस साठ केलाय. वाढवू नका.”

“बरं,” असं म्हणत पेढेवाला वाढवायचंच ठरवतो, आणि घरी दाखवायला मोबाईलवर व्हिडिओ घेतो. पडद्यावर अक्षरांवरून काळे पट्टे हळूहळू वर सरकताना दिसतात.

“मामा, पट्टे यायलेत की! बिघाड हायच अजून.”

“डोळ्याला दिसायलेत का?”

तो मोबाईल खाली घेऊन बघतो. “डोळ्याला न्हाई.”

“मग मोबाईल दुरुस्त करून आणा,” असं म्हणून मामा पुढच्या गिऱ्हाइकाची पाटी उघडायला घेतात.